डबल मार्कर, एनटी, एनआयपीटी… करायच्या का नाही? ठरवायचं कसं ते टप्प्याटप्प्याने

दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या व्हिजिटला डॉक्टर फाइलवर एक ओळ लिहितात, "एनटी स्कॅन + डबल मार्कर" (बाळाला डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असायची शक्यता किती ते बघणारी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी), रिसेप्शनवरची मुलगी लॅबचा नंबर देते आणि पुढच्या आठवड्यात रक्त गेलेलं असतं. मधे कुठेच कोणी विचारत नाही की तुला ही टेस्ट करायचीय का. पुण्यातल्या बऱ्याच क्लिनिकमधे हे असंच चालतं, वाईट हेतूने नाही, बाहेर पंचवीस-तीस पेशंट बसलेले असतात आणि समजावून सांगायला अर्धा तास कोणाकडे नसतो. मग रिपोर्टवर जाड अक्षरात "हाय रिस्क" येतं आणि त्या रात्री घरात कोणी झोपत नाही. फ्लॅट बुक करताना ॲग्रीमेंट चार-चारदा वाचणारी आपण माणसं, पण इथे फॉर्मवर न वाचता सही करून मोकळी होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की रक्त द्यायच्या आधी ठरवा, उत्तर वाकडं आलं तर आपण काय करणार. टेस्ट करा असं मी म्हणत नाहीये आणि करू नका असंही नाही. मी स्वतः दोन बाळंतपणांत दोन वेगळे निर्णय घेतलेत, एकदा सगळं केलं, एकदा फक्त सोनोग्राफीवर थांबले, आणि दोन्ही त्या-त्या वेळी बरोबर होते. मी डॉक्टर नाही, तुमच्या केसचं शेवटचं बोलणं तुमच्या गायनॅकशीच. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते डोक्यात असावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी यादीतून ऐच्छिक काय ते वेगळं काढा

फाइलवर दहा-बारा टेस्ट एकाखाली एक लिहिलेल्या असतात त्यामुळे सगळ्या सारख्याच वाटतात. तसं नाहीये. हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, शुगर, थायरॉइड, लघवी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) यात ठरवण्यासारखं काही नाही, करून टाका. यात काही निघालं तर त्यावर उपाय आहे आणि त्या उपायाने आई आणि बाळ दोघांचा फायदा होतो.

थॅलेसेमियाबद्दल मात्र जरा थांबून लिहिते कारण ही टेस्ट अनेकदा राहून जाते. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाला स्वतःला काहीच त्रास नसतो, फार तर "हिमोग्लोबिन जरा कमीच असतं बाई हिचं" एवढंच घरात माहीत असतं. पण नवरा-बायको दोघंही मायनर असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की बाळाला मेजर असेल, म्हणजे आयुष्यभर ठराविक दिवसांनी रक्त चढवायचं. सीबीसीमधे एमसीव्ही आणि एमसीएच (तांबड्या पेशींचा आकार आणि त्यातलं हिमोग्लोबिन) कमी दिसले तर एचपीएलसी नावाची रक्ततपासणी करतात, त्यात एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर मायनरची शंका घेतात. अंगात लोह खूप कमी असेल तर हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत हे प्रमाण जास्त आहे आणि आपल्याकडे पिंपरीत सिंधी वस्ती किती मोठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे, पण म्हणून बाकीच्यांनी निवांत राहायचं असं नाही. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोलीकडची घरं असतील तर सिकलसेलचंही बघायला हवं, तेही याच टेस्टमधे कळतं. बायको मायनर निघाली तर नवऱ्याची टेस्ट त्याच आठवड्यात, "बघू नंतर" नाही. खरं तर हे लग्नानंतर लगेच करून ठेवायचं काम आहे.

पाचव्या महिन्यातली ॲनोमली स्कॅन, म्हणजे साधारण १८ ते २० आठवड्यांची मोठी सोनोग्राफी, कागदोपत्री ऐच्छिकच आहे पण माझं मत विचाराल तर ती सोडू नये. पाठीचा कणा, हृदय, किडन्या, ओठ, हातपाय, वार कुठे आहे, हे सगळं त्यात बघतात आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उपयोग डिलिव्हरी कुठे करायची हे ठरवायला होतो. हृदयात काही असेल तर बाळाचं आयसीयू आणि लहान मुलांचे हार्ट सर्जन असलेल्या ठिकाणी नाव घालता येतं.

आता उरल्या खऱ्या ऐच्छिक, ज्यांच्यासाठी हा लेख आहे. एनटी (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी), डबल मार्कर, क्वाड्रुपल मार्कर आणि एनआयपीटी या रक्ततपासण्या, आणि त्यापुढच्या सुईच्या दोन, सीव्हीएस आणि ॲम्निओ.

कॅलेंडर घ्या आणि तारखा मांडा

हे काम आजच करा, कारण या सगळ्या प्रकरणात निर्णय चुकण्यापेक्षा तारीख चुकण्याचं प्रमाण जास्त आहे असं माझं निरीक्षण आहे. प्रत्येक टेस्टची एक खिडकी असते, ती बंद झाली की झाली.

समजा शेवटची पाळी १ जानेवारीला आली. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, म्हणजे १९ मार्च ते ८ एप्रिल. बस, तीन आठवडे. त्यात चांगल्या सोनोलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळायची, त्यात मार्च एंड, त्यात आसपास कुठेतरी पाडवा. (तुमची खिडकी गणपतीत पडत असेल आणि सेंटर पेठेत असेल तर मी वेगळं काही सांगायला नको.) एनआयपीटी १० आठवडे झाल्यावर कधीही. सीव्हीएस, म्हणजे वारेचा तुकडा घेऊन तपासणी, साधारण ११ ते १४ आठवडे. क्वाड्रुपल १५ ते २०. ॲम्निओ म्हणजे गर्भजल तपासणी साधारण १६ व्या आठवड्यापासून, आपल्या उदाहरणात २३ एप्रिल.

आता उलटं मोजून बघा. समजा एनटी राहून गेली आणि ३० एप्रिलला, १७ आठवड्यांवर, क्वाड्रुपल केली. रिपोर्ट यायला, डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडा गेला, ७ मे. हाय रिस्क आलं, दोन-चार दिवस रडण्यात आणि फोनाफोनीत गेले, ॲम्निओ झाली १४ मेला. त्याचा झटपट रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो पण पेशी वाढवून केलेल्या पूर्ण तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे, म्हणजे ४ जून. तोवर २२ आठवडे झाले. २० आठवडे २१ मेलाच संपले, आणि २४ संपतात १८ जूनला.

हे २० आणि २४ कुठून आले? गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि त्यात २०२१ साली बदल झाला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मधे काही ठराविक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, बाळात गंभीर व्यंग असणं हे त्यातलं एक कारण. २४ च्या पुढे गंभीर व्यंगासाठी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं आणि बोर्डाने अर्ज आल्यापासून ३ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. म्हणजे दार बंद होत नाही, पण शरीराला आणि मनाला प्रत्येक आठवडा जड जातो. आणि हे लक्षात ठेवा की सज्ञान बाईच्या बाबतीत कायद्याला फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही, सासऱ्यांची परवानगी, असलं काही कायद्यात नाही.

तारखा माझ्या उदाहरणासारख्या नुसत्या पाळीवरून मोजू नका, पहिल्या डेटिंग स्कॅनवरून, म्हणजे बाळाच्या मापावरून आठवडे ठरवणाऱ्या सोनोग्राफीवरून, पक्क्या करून घ्या. पाळी अनियमित असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांचा फरक सहज निघतो आणि मग डबल मार्करचं गणितच बिघडतं.

टेस्ट सांगते काय, हे आकड्यांत समजून घ्या

डबल मार्कर, क्वाड्रुपल आणि एनआयपीटी या तिन्ही टेस्ट बाळाला काही आहे का नाही हे सांगत नाहीत. शक्यता किती आहे एवढंच सांगतात. नक्की सांगणाऱ्या टेस्ट दोनच, सीव्हीएस आणि ॲम्निओ.

डाउन सिंड्रोमचं उदाहरण घेऊ. एक जादा २१ वं गुणसूत्र, जन्मतःच. ही शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते, तिशीत साधारण ९०० ते १००० त एक, पस्तिशीला ३५० त एक, चाळिशीला १०० त एक. (तरीही डाउन असलेली जास्त बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण मुळात जास्त बाळं त्याच वयात होतात. "मी तर अजून अठ्ठावीसचीच" याचा तेवढाच अर्थ घ्या.)

आता तिशीच्या आतबाहेरच्या १०,००० बायका घ्या, त्यातल्या १० जणींच्या बाळाला डाउन आहे असं धरू. एनटी आणि डबल मार्कर मिळून साधारण ८५ ते ९० टक्के केसेस पकडतात, म्हणजे १० पैकी ९. पण त्याच वेळी ज्यांच्या बाळाला काही नाही अशांपैकी सुमारे ५ टक्के बायकांनाही हाय रिस्क येतं, म्हणजे जवळपास ५००. तर हाय रिस्कचा कागद हातात घेऊन रडणाऱ्या ५०९ बायकांमधे खरी केस ९. बाकीच्या ५०० जणी उगाच हबकलेल्या.

एनआयपीटीत आईच्या रक्तात फिरणारे वारेचे डीएनएचे तुकडे मोजतात. डाउनच्या बाबतीत ती ९९ टक्क्यांच्या वर केसेस पकडते आणि खोटा पॉझिटिव्ह हजारात एकच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याच १०,००० मधे १० च्या १० सापडल्या आणि खोट्या १० आल्या असं धरलं तरी पॉझिटिव्ह आलेल्या २० पैकी निम्म्याच खऱ्या निघतात! लॅबच्या पत्रकावर "९९% अचूक" छापलेलं असतं आणि आपण समजतो पॉझिटिव्ह म्हणजे ९९ टक्के आहेच. तसं नसतं, आणि वय जितकं कमी, आजार जितका दुर्मिळ, तितका पॉझिटिव्ह रिपोर्ट खोटा असायची शक्यता जास्त. शिवाय ते डीएनए वारेतून आलेलं असतं, बाळातून थेट नाही, आणि क्वचित वारेत एक आणि बाळात दुसरंच असं होतं. त्यामुळे नुसत्या एनआयपीटीच्या भरवशावर कोणीही, परत लिहिते कोणीही, गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. आधी ॲम्निओ किंवा सीव्हीएस.

रिपोर्ट वाचायचा कसा ते बघा. डबल मार्करच्या रिपोर्टवर साधारण अशा गोष्टी असतात: वय, वजन, आठवडे, एनटी मिलिमीटरमधे, दोन रक्तातल्या घटकांचे आकडे आणि त्यापुढे एमओएम म्हणजे त्या आठवड्याच्या नेहमीच्या प्रमाणाच्या किती पट आहे ते, मग वयावरून रिस्क आणि शेवटी एकत्रित रिस्क. समजा एकत्रित रिस्क १:१८० आहे आणि लॅबची रेघ १:२५० वर आहे, तर शिक्का पडणार हाय रिस्क. पण १:१८० म्हणजे तुमच्यासारख्या १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळाला डाउन नाही. शिक्का वाचू नका, आकडा वाचा. आणि तो आकडा एकत्रित आहे का नुसत्या रक्तावरचा आहे तेही बघा, कारण कधीकधी एनटीची माहिती लॅबकडे पोचलेलीच नसते.

रक्त देताना फॉर्म स्वतः भरा किंवा भरलेला वाचून तरी बघा. त्या दिवशीचं वजन, जन्मतारीख, सोनोग्राफीची तारीख, आयव्हीएफ असेल तर ते आणि एग डोनरचं असेल तर तिचं वय, जुळी आहेत का, डायबिटीस आहे का. सगळं गणित यावर चालतं. वजनाच्या रकान्यात तीन महिन्यांपूर्वीचा आकडा गेला तर रिस्कही त्याच हिशेबाने येणार.

एक राहिलंच, सगळं लो रिस्क आलं तरी "बाळ शंभर टक्के ठीक" असं कोणी लिहून देत नाही. कुठलंही मोठं जन्मजात व्यंग असलेली बाळं सगळ्या जन्मांत साधारण २ ते ३ टक्के असतात आणि त्यातली बरीच गुणसूत्रांशी संबंधितच नसतात. ऑटिझम यातल्या कुठल्याच टेस्टमधे कळत नाही. एनआयपीटीत पाठीच्या कण्याचं व्यंग कळत नाही.

मग बसा दोघंच आणि हा प्रश्न घ्या

घरात नको. घरात कुकर, टीव्ही आणि आई असतात. सारसबागेत बसा, गाडीत बसा, पण फोन बाजूला ठेवून तासभर बोला. प्रश्न एकच, नक्की कळलं की बाळाला डाउन सिंड्रोम आहे, तर आपण काय करू?

काही जोडपी म्हणतात, आम्ही हे मूल वाढवू शकणार नाही. पैसा, दोघांच्या नोकऱ्या, आपल्यामागे त्याचं कोण, आधीचं एक मूल, कारणं काहीही असोत. तुमचं हे उत्तर असेल तर टेस्ट करा आणि पहिल्या खिडकीतच करा, क्वाड्रुपलवर ढकलू नका. वर कॅलेंडर मांडलं ते त्यासाठीच.

काही म्हणतात, काही झालं तरी बाळ ठेवणार. मग टेस्ट कशाला? तर आधी कळलं तर तयारी होते म्हणून. डाउन असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यातले बरेच ऑपरेशनने दुरुस्त होतात, आणि डिलिव्हरीच्या टेबलावर पहिल्यांदा कळण्यापेक्षा चार महिने आधी कळलं तर हॉस्पिटल निवडता येतं, नातेवाइकांना सांगता येतं, स्वतःचं दुःख पचवून घेता येतं. यांना एनआयपीटीपर्यंत जाणं सोयीचं पडतं, सुई टाळून बऱ्यापैकी खात्री मिळते.

आणि काहींना खरोखर नको असतं. ठेवणारच आहोत तर पाच महिने जीव टांगणीला कशाला. हे उत्तरही पूर्ण उत्तर आहे आणि कोणी "आजकालच्या काळात असं कसं" म्हणालं तर म्हणू द्या. फक्त "मला भीती वाटते म्हणून मी विचारच करत नाही" आणि "विचार केला आणि नको" यातलं आपलं कुठलं आहे ते स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा.

हे बोलताना डाउन म्हणजे नक्की काय तेही माहीत हवं. बौद्धिक वाढ मंद असते पण किती मंद ते प्रत्येकाचं वेगळं आणि कुठलीच टेस्ट ते सांगू शकत नाही. काही मुलं शाळेत जातात, काम शिकतात, काहींना कायम सांभाळावं लागतं. पुण्यात अशी मुलं वाढवणारे आईवडील आहेत, स्पेशल शाळा आहेत, डॉक्टरांकरवी एखाद्या कुटुंबाशी बोलता आलं तर नक्की बोला, दहा वेबसाइट वाचून जे कळत नाही ते तिथे चहाच्या एका कपात कळतं. ट्रायसोमी १८ आणि १३ (म्हणजे १८ वं किंवा १३ वं गुणसूत्र जादा) याच टेस्टमधे बघतात पण ते प्रकरण फार वेगळं आहे, त्यातली बहुतेक बाळं वर्षभरही जगत नाहीत. एकाच "हाय रिस्क" शब्दाखाली हे सगळं येतं म्हणून कशाचा हाय रिस्क ते आधी बघा.

दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर? जुळत नाहीत कधीकधी. मग लगेच टेस्टची तारीख घेऊ नका, जेनेटिक काउन्सेलरकडे किंवा फीटल मेडिसिनच्या डॉक्टरकडे दोघं मिळून जा. रिपोर्ट आल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं शंभरपट बरं.

घरचे

"अगं आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? तीन झाली, तिन्ही धडधाकट."

हे वाक्य येणार, धरून चाला. वाद घालू नका. "हो आई, पण डॉक्टरांनी लिहिलंय" एवढं पुरतं. उलट बाजूही असते, नणंद आयटीत, तिच्या सगळ्या मैत्रिणींनी एनआयपीटी केली, मग "तू का नाही करत, पैसे वाचवतेस का बाळाच्या वेळी?" दोन्हीकडच्यांना सगळं सांगायची गरज नाही. रिपोर्ट येईपर्यंत किती जणांना सांगायचं ते आधी ठरवा, कारण ज्याला टेस्टची तारीख माहीत असते तो रिपोर्टच्या दिवशी फोन करतोच.

आणि कोणीतरी हळूच विचारेल, "त्यात कळतं ना गं, काय आहे ते?" नाही. लिंग सांगणं, विचारणं, दोन्ही १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. सोनोग्राफीच्या आधी फॉर्म एफवर तुम्ही सही करता त्यात हेच लिहिलेलं असतं की मला लिंग जाणून घ्यायचं नाही. एनआयपीटीच्या आपल्याकडच्या रिपोर्टमधेही ते देत नाहीत. कोणी "बाहेर सॅम्पल पाठवून कळवतो" म्हणालं तर तिथून उठा.

पैशाचं

एनटी आणि डबल मार्कर मिळून पुण्यात साधारण चार-सहा हजारांच्या आसपास जातं, एनआयपीटी दहा हजारांपासून पंचवीसपर्यंत, कुठलं पॅनल घेता त्यावर. ऑफिसचा मेडिक्लेम असला तरी ओपीडीतल्या टेस्ट बहुतेक वेळा त्यात बसत नाहीत, एचआरला मेल टाकून विचारून घ्या. महागडं मोठं पॅनल, ज्यात अगदी दुर्मिळ मायक्रोडिलीशन (गुणसूत्राचा बारीकसा तुकडाच नसणं) वगैरे असतात, ते विकायचा प्रयत्न होतो. आजार जितका दुर्मिळ तितका खोटा पॉझिटिव्ह जास्त हे वर लिहिलंच आहे, त्यामुळे घरात तसा काही इतिहास नसेल तर मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही.

मधला मार्ग बऱ्याच डॉक्टरांना मान्य असतो: आधी एनटी आणि डबल मार्कर, रिस्क अगदी कमी आली तर थांबायचं, मधली आली, म्हणजे १:१००० च्या अलीकडे, तर एनआयपीटी, आणि फारच जास्त, १:५० च्या आत, आली तर थेट सुईची टेस्ट. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सरळ एनआयपीटी करणंही चालतं. पण एनआयपीटी केली म्हणून एनटी स्कॅन सोडू नका. मानेमागचं पाणी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर हृदयाचे आणि इतरही दोष असू शकतात जे एनआयपीटीला दिसतच नाहीत. शिवाय त्याच वेळी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर आणि बीपी बघून पुढे प्रीएक्लॅम्पशियाचा (गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराचा) धोका किती आहे ते काढता येतं, आणि धोका असेल तर १६ आठवड्यांच्या आत ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. मला विचाराल तर पहिल्या तीन महिन्यांच्या स्क्रीनिंगमधला हा भाग सगळ्यात कामाचा आहे आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

खासगी झेपत नसेल तर पुण्यात ससून, महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीकडे वायसीएम ही सरकारी-महापालिकेची हॉस्पिटलं आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथे यातल्या कुठल्या टेस्ट होतात ते लवकर जाऊन विचारा, अकरावा आठवडा उजाडायची वाट बघू नका.

रिपोर्ट हातात आला

लो रिस्क असेल तर फाइलला लावा आणि ॲनोमली स्कॅनची तारीख घ्या.

हाय रिस्क असेल तर रात्री अकराला गूगल नको. सकाळी डॉक्टरांना फोन, आणि तीनच प्रश्न: आकडा किती आहे, फॉर्ममधली माहिती बरोबर गेली होती का, आणि आता एनआयपीटी का थेट ॲम्निओ. स्कॅनमधेच काही दिसलं असेल तर एनआयपीटीवर वेळ घालवायचा नसतो.

एनआयपीटीचा "नो रिझल्ट" पण येतो कधीकधी, रक्तात वारेचा डीएनए कमी पडला की. वजन जास्त असेल किंवा फार लवकर रक्त दिलं असेल तर हे जास्त होतं. परत रक्त देतात. पण दुसऱ्यांदाही नाहीच आलं तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, डॉक्टरांशी बोला.

ॲम्निओची भीती सगळ्यांनाच असते म्हणून थोडं सांगते. सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक लांब सुई घालून थोडं गर्भजल काढतात, सुई आत असते ती एखाद-दोन मिनिटं. नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात, एक-दोन दिवस जड काम नको सांगतात. त्यामुळे गर्भपात व्हायचा जादा धोका जुन्या पुस्तकांत १ टक्का लिहिलेला असायचा, अनुभवी हातात तो आता त्याहून बराच कमी, साधारण हजारात एक ते तीन, धरतात. म्हणून करणारे डॉक्टर किती वर्षं आणि किती नियमित करतात हे विचारायला लाजू नका. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर त्यानंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं, ते स्वतः आठवण करून द्या.

आणि पाचव्या महिन्याच्या स्कॅनमधे "हृदयात पांढरा ठिपका" किंवा "मेंदूत छोटी सिस्ट" असं लिहून आलं तर लगेच हातपाय गाळू नका. याला सॉफ्ट मार्कर म्हणतात, एकटाच असेल आणि आधीचं स्क्रीनिंग लो रिस्क असेल तर बहुतेक वेळा त्याला काही अर्थ नसतो. बरोबर आणखी काही दिसलं तर गोष्ट वेगळी.

नको ठरवलं तर

डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मॅडम, आम्ही विचार करून डबल मार्कर आणि एनआयपीटी नको ठरवलंय," आणि फाइलवर तसं लिहून घ्या. म्हणजे दर व्हिजिटला नवीन ज्युनियर डॉक्टर परत तेच विचारणार नाही. काही ठिकाणी सही मागतात, द्या, घाबरवायला नसते ती. ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी तरीही करून घेता येते, रिस्कचं गणित न मांडता. पण सोनोलॉजिस्टला आधीच सांगून ठेवा की मानेमागचं माप जास्त दिसलं तर तुम्हाला ते ऐकायचंय का नाही, कारण एकदा पडद्यावर दिसल्यावर "सांगू नका" म्हणणं फार अवघड जातं. आणि मन बदललं तर एनआयपीटी नंतरही करता येते, क्वाड्रुपल २० आठवड्यांपर्यंत, तेवढ्या दोन तारखा फ्रिजवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवा.